गोळीच्या नावावर मांडलेला हिशेब : पायातल्या गुठळीनंतरचे अठरा महिने

पुढचं प्रकरण कोणा एका रुग्णाचं नाही. रक्त गोठू न देणारी औषधं घेणाऱ्यांच्या तक्रारी वर्षानुवर्षं ऐकताना ज्या अडचणी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या एका व्यक्तीभोवती गुंफून ते उभं केलं आहे. रुग्णाचे तपासणीचे आकडे त्या गुंफणीचा भाग आहेत. औषधांच्या मात्रा आणि अभ्यासांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

आजार

वय ४३, शाळेत शिक्षिका. मुलं त्यांना 'बाई' म्हणतात, इथेही तोच शब्द वापरतो. डावी पोटरी पाच दिवस दुखत होती. दिवसभर उभं राहून शिकवल्यामुळे असेल, असं त्यांनी धरलं. सहाव्या दिवशी सूज मांडीपर्यंत चढली आणि एक जिना चढताना दोनदा थांबावं लागलं. सोनोग्राफीत गुडघ्यामागची आणि मांडीतली खोल शीर दाबूनही मिटेना, म्हणजे आत गुठळी होती. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसाच्या दोन फांद्यांमध्ये गुठळ्यांचे तुकडे दिसले. रक्तदाब स्थिर होता, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण नव्हता, हृदयाच्या स्नायूला झालेली इजा दाखवणारं ट्रोपोनिन सामान्य होतं. थोडक्यात, जिवावरचं संकट पहिल्याच दिवशी टळलेलं होतं.

गुठळी का झाली, हे सापडलं नाही. रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली ओढ ही तीन कारणं विरशोव या जर्मन डॉक्टरच्या नावाने ओळखली जातात. त्याने १८५६ मध्ये या विषयावर लिहिलं, त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी आजही आम्ही त्याच तीन खणांत शोधाशोध करतो. बाईंच्या बाबतीत तिन्ही खण रिकामे निघाले. शस्त्रक्रिया नाही, प्लास्टर नाही, लांबचा प्रवास नाही, गर्भनिरोधक गोळ्या नाहीत, कर्करोगाचं लक्षण नाही. अशा गुठळीला विनाकारण गुठळी म्हणतात. पुढचा सगळा गुंता या एका शब्दातून निघाला, कारण कारणच सापडलं नाही तर 'आता ते गेलं, औषध थांबवा' असं म्हणता येत नाही.

पहिले सहा महिने : वॉर्फरिन

एक रक्तचाचणी आडवी आली नसती तर नवीन पिढीच्या गोळ्यांनीच सुरुवात झाली असती. अँटिकार्डिओलिपिन प्रतिपिंडं, म्हणजे गुठळीची ओढ वाढवणारी रक्तातली प्रथिनं, वाढलेली दिसली. ती खरीच कायम असतील तर तो वेगळा आजार ठरतो. त्याच्या तीव्र प्रकारात रिव्हारोक्साबॅन या नव्या गोळीवर ठेवलेल्या रुग्णांना वॉर्फरिन या जुन्या गोळीवाल्यांपेक्षा जास्त गुठळ्या झाल्या, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं होतं. खात्रीसाठी हीच तपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करावी लागते. तोवर वॉर्फरिनच, असं ठरलं.

सुरुवातीला पोटावर लगेच असर करणाऱ्या हेपरिनची इंजेक्शनं आणि जोडीला वॉर्फरिन. ही जोडी का, हे बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. वॉर्फरिन यकृताला गोठण्याचे घटक नीट तयार करू देत नाही, पण आधीच रक्तात असलेले घटक संपायला वेळ लागतो. त्यातला प्रोथ्रॉम्बिन अडीच-तीन दिवसांत निम्मा होतो. म्हणून इंजेक्शन निदान पाच दिवस आणि आयएनआर (रक्त गोठायला किती जास्त वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ च्या वर टिकेपर्यंत चालू ठेवतात. त्यांना हे पटलं. समजावून सांगितलेलं त्यांना पटतं, हे पुढे फार उपयोगी पडलं. न सांगितलेल्या गोष्टींनीच घोळ घातला.

सहा महिन्यांत २३ वेळा रक्त काढलं. आयएनआर २ ते ३ च्या पट्ट्यात ठेवायचा होता, पण प्रत्यक्षात त्या पट्ट्यात गेलेला काळ ५४ टक्के. शाळेतून अर्धा दिवस सुटी, सुई, दुपारी फोन, 'आज पाव गोळी कमी घ्या'. एकदा मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी को-ट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक दिलं गेलं आणि आयएनआर ५.४ वर गेला. रक्तस्राव नव्हता, म्हणून दोन दिवस गोळी बंद ठेवून तो उतरू दिला. पण त्या दोन रात्री बाई झोपल्या नाहीत.

पालेभाज्यांचा किस्साही इथलाच. 'पालेभाज्या जपून खा' एवढंच त्यांना सांगितलं होतं. त्यांनी हिरवं पान ताटातून हद्दपार केलं आणि आयएनआर आणखी हेलकावे खायला लागला. जीवनसत्त्व 'के' चा शरीरातला साठा तुटपुंजा झाला की एखाद्या दिवशी जरासं जास्त पोटात गेलं तरी आकडा कोसळतो. सांगायला हवं होतं ते असं : रोज खा, साधारण तेवढंच खा. 'जपून' या शब्दाचा अर्थ रुग्ण नेहमी 'नको' असाच घेतो.

शिवाय कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की ही उंदराच्या विषाची गोळी आहे. खोटं म्हणता येत नाही. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत स्वीट क्लोव्हर हा सडलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्यामागचं रसायन वेगळं केलं. त्याच्याच कुळातलं वॉर्फरिन १९४८ मध्ये उंदरांसाठी बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. दुसऱ्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर ते दिलं गेलं. बाईंना हा इतिहास आवडला. त्यांनी तो वर्गात सांगितलाही. भीती मात्र इतिहासाने कमी झाली नाही.

१२ आठवड्यांनंतरची प्रतिपिंडांची तपासणी सामान्य आली, म्हणजे पहिली वाढ तात्पुरती होती. सहा महिने पूर्ण झाल्यावर वॉर्फरिन थांबवलं, आयएनआर उतरू दिला आणि रिव्हारोक्साबॅन २० मिलिग्रॅम, रोज एकदा, जेवणासोबत सुरू केलं. जेवणासोबत, कारण उपाशीपोटी घेतलं तर औषधाचा सुमारे तिसरा हिस्सा अंगी लागत नाही. सुया बंद, फोन बंद, पालेभाज्या परत ताटात. आम्हा सगळ्यांना वाटलं, सुटल्या बाई.

पुढचे पाच महिने : कागदावर सगळं ठीक

फाइलमधल्या तीन भेटींच्या नोंदी जवळपास एकसारख्या आहेत. नवी गुठळी : नाही. रक्तस्राव : नाही. गोळ्या नियमित : होय. तक्रार : थकवा, जिना चढताना थोडा दम. त्यापुढे एका ओळीत आमचं निदान, 'फुप्फुसातील गुठळीनंतरचा अपेक्षित थकवा'.

हे निदान निव्वळ आळसाचं होतं असंही नाही. फुप्फुसात गुठळी होऊन गेलेल्या शंभर रुग्णांचा कॅनडातला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एका वर्षानंतरही ४६.५ टक्के जणांची व्यायामातली प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता अपेक्षेच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी होती. त्यामुळे दम लागतो म्हटलं की डॉक्टरच्या डोक्यात हेच येतं. शंभरात दोन-चार जणांत जुन्या गुठळ्यांमुळे फुप्फुसातला दाब कायमचा वाढतो, ते नाही ना हेही पाहिलं. इको सामान्य होता. मग थांबलो.

अकराव्या महिन्यात बाईंनी स्वतःहून विचारलं, ''ही गोळी बंद केली तर चालेल का? झालीच गुठळी तर पुन्हा बघू.'' पुन्हा गुठळी होईल या भीतीने रात्री जागणारी बाई हे म्हणत होती. त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत येण्याआधी त्या रक्तदाब मोजायला सिस्टरांकडे बसल्या होत्या. सिस्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, नखं पाहिली, खालची पापणी ओढून पाहिली आणि विचारलं, ''बाई, पाळी कशी जाते हल्ली?''

नऊ दिवस. पहिले चार दिवस तासाला एक पॅड. गाठी पडायच्या. रात्री दोनदा उठून चादर बदलायची. पाळीच्या दिवसांत सलग दोन तास घेणं शक्य नसल्यामुळे त्यांनी वेळापत्रक बदलून घेतलं होतं. शाळेची सहल टाळली होती, पोहणं केव्हाच सोडलं होतं. हे सगळं रिव्हारोक्साबॅन सुरू झाल्यापासून जास्त, पण वॉर्फरिनवरही होतंच.

हिमोग्लोबिन ८.९. शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ६. आजार झाला तेव्हा हिमोग्लोबिन १२.४ होतं. सहाव्या महिन्यात ११.१ होतं, तेही फाइलमध्ये आहे, आणि ते कोणाच्याही डोळ्यांत भरलं नव्हतं.

आमच्या क्षेत्रात 'मोठा रक्तस्राव' कशाला म्हणायचं याची एक आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे : मेंदूसारख्या नाजूक जागी झालेला, किंवा दोन पिशव्या रक्त चढवावं लागलेला, किंवा हिमोग्लोबिन २ ग्रॅम वा त्याहून जास्त उतरवणारा. बाईंचं साडेतीन ग्रॅमने उतरलं होतं. ते काही महिन्यांत हळूहळू उतरलं, म्हणून हे व्याख्येत बसत नाही असा वाद कोणी घालू शकेल, घालावा. पण ज्या फाइलमध्ये तीनदा 'रक्तस्राव : नाही' असं लिहिलं आहे, तिच्यासमोर बसून तो वाद घालायला मला लाज वाटेल.

त्यांनी सांगितलं का नाही

विचारलं तेव्हा बाईंचं उत्तर साधं होतं. ''रक्त पातळ करायची गोळी आहे. रक्त जास्त जाणारच ना? मला वाटलं, गोळी काम करतेय.''

इथे जरा थांबायला हवं, कारण दोष आमच्या शब्दात आहे. 'रक्त पातळ करणारी गोळी' हा शब्द आम्हीच रुग्णांच्या तोंडी बसवला. या गोळ्यांनी रक्त पातळ होत नाही. दूध आणि पाण्यात असतो तसा फरक त्यात पडत नाही. रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायच्या साखळीतली एक कडी अडवली जाते. रिव्हारोक्साबॅन आणि अ‍ॅपिक्साबॅन दहा क्रमांकाचा घटक अडवतात, डॅबिगाट्रान थ्रॉम्बिन या दुसऱ्या घटकाला अडवतं. पण 'पातळ' म्हटलं की मराठी माणसाच्या मनात पाणी घातलेलं रक्त येतं. मग अशक्तपणा येणं, चेहरा पांढरा पडणं, पाळी जास्त जाणं, सगळं त्या शब्दात आपोआप बसतं आणि तक्रार करण्याजोगं काही उरतच नाही. हिमोग्लोबिन कमी झालेल्या बाईला 'रक्त पातळ झालंय' म्हणणारेही आपल्यात कमी नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे 'गुठळी होऊ न देणारी गोळी' असंच म्हणायचं ठरलं आहे. लांबलचक आहे, तोंडात बसत नाही, सिस्टर अजून हसतात. तरी तेच.

दुसरं कारण आमच्या प्रश्नात होतं. 'कुठे रक्तस्राव?' असं विचारलं की रुग्ण नाक, हिरड्या, लघवी, शौच आठवतो. पाळी हा रक्तस्राव आहे असं त्याच्या मनात येत नाही. विचारणारा पुरुष असेल तर तर नाहीच नाही.

हिशेब वेगळा करताना

बाईंना गोळी नको होती, कारण गेल्या अकरा महिन्यांत जे जे बिघडलं ते सगळं त्यांनी गोळीच्या नावावर मांडलं होतं. आम्ही त्यांच्यासोबत बसून ते खातं फोडायला घेतलं. किती गोळीचं, किती गुठळीचं, किती भीतीचं, आणि किती आमच्या सूचनांचं.

त्यासाठी प्रश्नावल्या वापरल्या. गोठणरोधक औषधांचं ओझं मोजणारी एक १५ प्रश्नांची प्रश्नावली आहे, त्यात १२ प्रश्न ओझ्याचे आणि ३ फायद्याचे. फुप्फुसातल्या गुठळीनंतरच्या जीवनमानासाठी वेगळी, पायाच्या शिरांच्या आजारासाठी वेगळी. गुठळीनंतर पायात जो कायमचा त्रास उरतो त्यासाठी व्हिलाल्टा मापन आहे : पाच लक्षणं आणि सहा खुणा, प्रत्येकी ० ते ३ गुण. बाईंचे ८ आले. ५ ते ९ म्हणजे सौम्य.

प्रश्नावल्यांबद्दल माझं मत फारसं भक्तिभावाचं नाही. त्या १५ प्रश्नांत जखमा, काळे-निळे डाग, खाण्यावरची बंधनं, काळजी, वैताग हे सगळं आहे, पण पाळीबद्दल वेगळा प्रश्न नाही. पाळी येणाऱ्या वयातल्या बाईचं आयुष्य गोळीने कुठे अडवलं हे शोधायचं आणि तेच विचारायचं नाही, असा प्रकार. तरी त्यांचा एक उपयोग झाला. 'तुम्हाला कसं वाटतं?' या प्रश्नाला बाई 'बरं आहे' म्हणायच्या. छापील प्रश्नासमोर त्यांना 'फार' या चौकटीत खूण करता आली.

गोळीच्या खात्यात खरोखर राहिलं ते पाळीचं. तेवढंच, पण ते लहान नव्हतं. थकवा आणि दम यांचा मोठा वाटा तिकडे वळला.

गुठळीच्या खात्यात पाय आला. संध्याकाळी जडपणा, घोट्याभोवती सूज, शाळेचे सहा तास उभं राहिल्यावर ठणका. यात गोळीचा काही हात नाही. मांडीतल्या शिरेच्या झडपा गुठळीने खराब केल्या, त्याचं हे देणं आहे. गोळी सोडली असती तरी संध्याकाळचा पाय तसाच राहिला असता. यासाठी त्यांना घट्ट दाबाचे मोजे दिले होते, दोन वर्षं घाला म्हणून. ते चढवायला सकाळी दहा मिनिटं जायची आणि दुपारी खाज सुटायची. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८०६ रुग्णांच्या चाचणीत खऱ्या दाबाचे मोजे आणि नावापुरते मोजे यांची तुलना झाली. पायाचा कायमचा त्रास टाळण्यात खरे मोजे सरस ठरले नाहीत, १४.२ विरुद्ध १२.७ टक्के. म्हणून बाईंना सांगितलं, घातल्यावर बरं वाटत असेल त्या दिवशी घाला, नाहीतर कपाटात राहू द्या. त्यांनी ते परीक्षेच्या दिवसांसाठी ठेवले, जेव्हा तीन तास उभं राहून देखरेख करायची असते.

आमच्या सूचनांच्या खात्याने मला अस्वस्थ केलं. घरी सोडताना दिलेल्या कागदावर १४ 'नको' होते. सायकल नको, पोहणं नको, मालिश नको, धारदार वस्तू जपून, दात घासताना जपून, असे. त्यात गरजेचं काय ते लाल पेनाने उरवलं. वेदनाशामक म्हणून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. रिव्हारोक्साबॅनच्या मोठ्या चाचणीतल्या रुग्णांत अशा गोळ्या घेतलेल्या काळात मोठ्या रक्तस्रावाचा धोका सुमारे २.४ पट आढळला होता. डोक्याला मार लागला तर वाट न पाहता यायचं. शौच डांबरासारखी काळी झाली तर यायचं. दात काढण्याआधी किंवा शस्त्रक्रियेआधी सांगायचं. गोळी चुकवायची नाही. या गोळ्यांचा असर एका दिवसात ओसरतो, वॉर्फरिनइतकी सवलत त्या देत नाहीत. सुयांतून सुटका मिळाली ती या काटेकोरपणाच्या मोबदल्यात. बाकीच्या नऊ ओळी खोडल्या. पोहण्यावर तर काही हरकतच नव्हती. ती ओळ कोणी आणि कधी लिहिली, कोणालाच आठवेना.

पाळीवर काय केलं

पोटाची सोनोग्राफी केली, गर्भाशयात गाठ नव्हती. स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत तीन गोष्टी ठरल्या.

लोह शिरेतून दिलं. फेरिटिन ६ असताना आणि दर महिन्याला इतकं रक्त जात असताना तोंडावाटे गोळ्यांनी खड्डा भरत बसणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी ओतणं झालं असतं.

गर्भाशयात लेव्होनॉरजेस्ट्रेल हे हार्मोन सोडणारं साधन बसवलं. बाईंची पहिली प्रतिक्रिया भीतीची होती. 'हार्मोनने गुठळी होते ना?' इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांबाबत ते खरं आहे. हे साधन मात्र गर्भाशयापुरतं काम करतं, रक्तात फार थोडं जातं. आणि गोठणरोधक औषध चालू असताना हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आढळलं आहे. रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडचा विचार झाला आणि बाजूला ठेवला. ते गुठळी विरघळू देत नाही, आणि गुठळीच्याच रुग्णाला ते महिन्या-महिन्याला देण्याची गरज दुसरा मार्ग असताना नव्हती.

तिसरं, गोळी बदलली. रिव्हारोक्साबॅनवर पाळीचा त्रास अ‍ॅपिक्साबॅनपेक्षा जास्त असतो असं अनेक निरीक्षणांत दिसलं आहे. शिवाय एव्हाना सहा महिन्यांहून जास्त पूर्ण उपचार झालेले होते, त्यामुळे अ‍ॅपिक्साबॅनची कमी मात्रा, २.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, शक्य होती. २०१३ च्या चाचणीत एका वर्षात नकली (औषध नसलेल्या) गोळीवर ८.८ टक्के रुग्णांना पुन्हा गुठळी झाली किंवा तिच्यामुळे मृत्यू आला. या कमी मात्रेवर तेच प्रमाण १.७ टक्के होतं. मोठा रक्तस्राव कमी मात्रेवर ०.२ टक्के आणि नकली गोळीवर ०.५ टक्के, म्हणजे वाढ दिसली नाही.

बाईंनी आकडा वहीत लिहून घेतला आणि मग विचारलं, ''आणि पूर्ण बंद केली तर?'' विनाकारण गुठळीनंतर औषध थांबवलेल्यांत पुन्हा गुठळी होण्याचं प्रमाण पहिल्या वर्षात सुमारे १० टक्के, पाच वर्षांत २५, दहा वर्षांत ३६. स्त्रियांत पुरुषांपेक्षा काहीसं कमी. आता उलट बाजू : दीर्घकाळ या नव्या गोळ्या घेणाऱ्यांत दरवर्षी शंभरात साधारण एकाला मोठा रक्तस्राव होतो. आकडे दोन्ही बाजूंनी मांडले आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्या आठवडाभराने आल्या आणि म्हणाल्या, ''पाळी सुधारली तर गोळी घेईन. नाही सुधारली तर पुन्हा बोलू.'' इतकी स्पष्ट अट घालणारा रुग्ण मला आवडतो.

भीतीचं खातं

हे सर्वांत उशिरा उघडलं आणि सर्वांत अवघड होतं.

सहाव्या महिन्यात पायाची सोनोग्राफी केली होती. अहवालात एक ओळ होती : 'मांडीच्या शिरेत जुनी गुठळी अंशतः शिल्लक'. अहवाल बाईंनी घरी वाचला. आमच्याशी त्यावर बोलणं झालं नाही, कारण आमच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी वाचलं ते असं : सहा महिने गोळ्या खाऊन गुठळी गेलीच नाही, ती अजून आत बसली आहे, आणि कधीही सुटून फुप्फुसात जाईल.

त्या रात्रीपासून मोजपट्टी सुरू झाली. सकाळ-संध्याकाळ दोन्ही पोटऱ्यांचा घेर, वहीत. पर्समध्ये बोटाला लावायचं ऑक्सिजन मापक. ९७ आलं की ठीक, ९६ आलं की पुन्हा, ९५ आलं की हात थंड. दोनदा छातीत दुखलं म्हणून तातडीच्या विभागात. दोन्ही वेळा डी-डायमर ही गुठळीचा अंदाज देणारी रक्तचाचणी सामान्य. दोन्ही वेळा 'काही नाही, घरी जा.' काही नाही हे ऐकायला दिलासा वाटावा, पण बाईंना ते 'तुमचं म्हणणं खोटं' असं ऐकू आलं.

खरं म्हणजे गोठणरोधक गोळी गुठळी विरघळवतच नाही. ती नवी भर पडू देत नाही, एवढंच तिचं काम. विरघळवण्याचं काम शरीरातला प्लाझ्मिन करतो, आणि जेवढं उरतं त्याचा शिरेच्या भिंतीला चिकटलेला व्रण होतो. बऱ्याच जणांत तो कायम दिसतो. जखमेची खूण राहते तसा. इतक्या महिन्यांचा चिवट व्रण सुटून धावत सुटत नाही. ही चार वाक्यं सहाव्या महिन्यात बोलली असती तर पाच महिन्यांची मोजपट्टी वाचली असती.

त्या जुन्या अहवालाचा एक चांगला उपयोग आहे, तोही बाईंना सांगितला. पुढे कधी पाय दुखलाच तर नव्या सोनोग्राफीशी ताडून पाहायला हा आधार आहे. त्याशिवाय जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे ठरवणं अवघड जातं.

मोजपट्टी काढून घेतली नाही. तिला अर्थ दिला. गुठळीची शक्यता ठरवताना आम्ही दोन पोटऱ्यांच्या घेरात ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पाहतो, तोही ठरावीक जागी, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली. बाईंच्या वहीत फरक कायम दीड सेंटिमीटरच्या आसपास होता, अर्ध्या सेंटिमीटरने कमी-जास्त. पाच महिन्यांच्या नोंदी त्यांच्यासमोर आलेखावर मांडल्या. जवळपास सरळ रेष. गणित शिकवणाऱ्या बाईंना वेगळं काही सांगावं लागलं नाही. आठवड्यातून एकदा मोजायचं ठरलं. मापकाचा आकडा बसून पाच मिनिटं शांत झाल्यावरच घ्यायचा, आणि एका अंशाच्या फरकाला नाव द्यायचं नाही.

एका कागदावर दोन रकाने केले. डावीकडे 'लगेच या' : अचानक दम, श्वास घेताना टोचणारं छातीचं दुखणं, खोकल्यातून रक्त, चक्कर येऊन पडणं, पायाला नवी आणि वाढत जाणारी सूज. उजवीकडे 'उद्या फोन करा' : संध्याकाळचा ओळखीचा जडपणा, घोट्याभोवतीची नेहमीची सूज, उभं राहिल्यानंतरचा ठणका. त्यासोबत मानसोपचारतज्ज्ञांकडे सहा भेटी. बाई आधी तयार नव्हत्या. 'मला वेड लागलं नाही.' गुठळीनंतर असं होणं किती सर्रास आहे आणि त्याबद्दल आम्ही किती कमी बोलतो, हे सांगितल्यावर गेल्या.

अठरावा महिना

हिमोग्लोबिन १२.६, फेरिटिन ५८. पाळी आता दोन-तीन दिवस, तीही जेमतेम. जिना न थांबता. पोहायला आठवड्यातून तीनदा, सुरुवातीला दहा मिनिटं, आता पाऊण तास. व्हिलाल्टा ८ वरून ६. दिवसातून दोन गोळ्या घेणं एका गोळीपेक्षा जिकिरीचं जाईल अशी मला शंका होती. शाळेची पहिली घंटा आणि रात्रीचे दात घासणं, या दोन्हीला त्यांनी गोळी बांधून टाकली. तीन महिन्यांत दोन मात्रा चुकल्या, दोन्ही सुटीच्या दिवशी, जेव्हा घंटा वाजत नाही.

काळजीच्या प्रश्नासमोर खूण अजून 'थोडीशी' वर आहे, 'अजिबात नाही' वर नाही. संध्याकाळचा पाय आहेच. रजोनिवृत्तीच्या तक्रारी सुरू झाल्या तर त्यावर कोणता उपचार घ्यायचा, हा प्रश्न त्यांनी आत्ताच विचारून ठेवला आहे. त्याचं उत्तर तेव्हा, स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत. गोळी पुढे चालू ठेवायची का, हे दरवर्षी एकदा नव्याने ठरवायचं. त्या भेटीत मूत्रपिंडाची तपासणी, हिमोग्लोबिन, फेरिटिन, आणि तीच १५ प्रश्नांची प्रश्नावली. तिच्या खाली सिस्टरांनी पेनाने सोळावा प्रश्न लिहिला आहे. छापखान्यात नवीन कागद अजून गेलेला नाही, म्हणून प्रत्येक प्रतीवर त्या हाताने लिहितात.